नेतृत्वाचे प्रमुख सिद्धांत आणि आमची लिफ्ट

मी सतरा वर्षं नेतृत्व शिकवते. दर वर्षी दुसऱ्या सत्रात, आठ तासिकांत, 'नेतृत्वाचे प्रमुख सिद्धांत : एक परिचय' हे प्रकरण मी संपवते आणि साठ-सत्तर मुलं नेता कसा असतो हे शिकून वर्गाबाहेर पडतात. या सतरा वर्षांत मी स्वतः कुणाचंही नेतृत्व केलेलं नाही. घरात कधी काय व्हायचं ते आई ठरवते आणि कॉलेजात शिपाई. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं बाबा माझ्याकडे बघून म्हणत. ते कौतुकाने म्हणत, असं माझं मत आहे.

बाबा आमच्या सोसायटीचे बावीस वर्षं सेक्रेटरी होते. ते गेल्यावर सातव्या आठवड्यात लिफ्टला सील लागलं.

दोष लिफ्टचा नव्हता. जाळीचे जुने दरवाजे काढून आपोआप मिटणारे बसवायचे, हे काम बाबांनीच मंजूर करून घेतलं होतं आणि मेकॅनिकने ते नेटकं पुरंही केलं होतं. तपासणीला निरीक्षक आले, त्यांनी चार वेळा वर-खाली करून पाहिलं, आतल्या नव्या आरशात स्वतःचे केस सारखे केले, समाधानाने मान डोलावली आणि सेक्रेटरींना सहीला बोलवा म्हणाले. सेक्रेटरी नाहीत, असं कळल्यावर त्यांनी पिशवीतून सुतळी आणि लाख काढली. निरीक्षक सुतळी आणि लाख सोबत घेऊनच फिरतात, ही माहिती मला नवी होती.

आता आमचं घर चौथ्या मजल्यावर. आईचे गुडघे केव्हाच संपावर गेलेले. आणि अठरा तारखेला तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. ही तारीख आधी दोनदा हुकली होती, एकदा बाबांच्या आजारपणात आणि एकदा बाबांच्या जाण्यामुळे. डॉक्टरांनी या वेळी बजावलं होतं की मोतीबिंदू पिकलाय, आता पुढे ढकलणं नको. वर्षभर आईला वर्तमानपत्र दिसत नव्हतं. बाबा तिला पहिल्या पानापासून जाहिरातींपर्यंत सगळं वाचून दाखवायचे. ते गेल्यावर मी दोन आठवडे वाचलं. तिसऱ्या आठवड्यात आई म्हणाली, तू गाळतेस.

सील लागलं त्याच संध्याकाळी पहिल्या मजल्यावरचे वकीलसाहेब वर आले. ते वकील नाहीत, कोर्टात पेशकार होते, पण निवृत्तीच्या दिवशी कुणीतरी वकीलसाहेब म्हणालं आणि ते चिकटलं. त्यांनी दारातच जाहीर केलं की पुढचा सेक्रेटरी शोधायची गरज नाही, मी आहेच. हे रक्तातच असतं, प्राध्यापकबाई, म्हणाले.

याला थोर पुरुष सिद्धांत म्हणतात. नेता जन्मावा लागतो, तो घडवता येत नाही, अशी ही कल्पना. शंभर वर्षांहून अधिक काळ ती मोडीत निघालेली आहे, असं मी मुलांना पहिल्याच तासाला सांगते. वकीलसाहेबांना सांगितलं नाही. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी रजा काढून मी लिफ्ट तपासणी कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनांचा चष्मा गळ्यात दोरीने लटकत होता आणि स्वभाव फार चांगला होता. पुढच्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ तेच. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि नमुना क्रमांक सात पुढे केला. सचिव बदल. कारण, योग्य तिथे खूण करा : मुदत समाप्त, राजीनामा, अपात्रता. तीन चौकोन.

मी विचारलं, चौथा चौकोन कुठे आहे. ते म्हणाले, चौथा नाही. पदावर असताना कोणी जातं, हे नमुना छापणाऱ्यांच्या लक्षात आलं नसावं. पण अडायचं कारण नाही. आपण राजीनाम्यावर खूण करू, तोंडी राजीनामा दिला असं धरू, उद्या सर्टिफिकेट मिळेल. सगळे असंच करतात.

त्यांनी पेन उघडून माझ्या हातात दिलं. मी चौकोनाकडे पाहिलं. माझ्या वडिलांनी शेवटच्या आठवड्यात, तोंडात नळी असताना, मला जवळ बोलावून खुणेने विचारलं होतं. मला वाटलं पाणी हवंय. त्यांना गच्चीच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला का, ते हवं होतं.

"त्यांनी राजीनामा दिलेला नाही," मी म्हणाले.

"पण ते आता नाहीत ना?"

"नाहीत. तरीही दिलेला नाही."

कारकुनांनी चष्मा चढवून माझ्याकडे पाहिलं, मग उतरवून पाहिलं. मग त्यांनी एक जाड नियमावली काढली आणि तिच्यात चौतिसावा नियम सापडला. कारण नमुन्यात बसत नसेल तर सोसायटीने विशेष ठराव करावा. त्यावर सभासदांच्या सह्या लागतील. बहुमताने चालेल का, विचारलं. चालणार नव्हतं. सगळ्या लागणार होत्या, एकूण एक. आमच्याकडे चौदा घरं आहेत.

मी ताठ मानेने जिना उतरले. स्वाभिमानाचा एक वाईट गुण असा की तो जिना उतरेपर्यंतच पुरतो. खालच्या पायरीवर आल्यावर मला आठवलं की अठरा तारखेला अकरा दिवस आहेत आणि ज्या बाईला खाली आणायचंय तिला मी यातलं काहीही विचारलेलं नाही. घरी गेल्यावर सांगितलंही नाही. कागदपत्रांत अडकलंय, एवढंच म्हणाले. ते खरंच होतं.

दरम्यान आईला खाली कसं न्यायचं यावर इमारतीत विद्वत्ता उसळली होती. वकीलसाहेबांचं मत, खुर्चीत बसवून चौघांनी उचलावं. तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचं मत, चौघांची कंबर जाईल, स्ट्रेचर आणावं. दुसऱ्या मजल्यावरचे जिम मास्तर म्हणाले, काकूंना मी एकटा पाठीवर नेतो, आणि नमुना म्हणून त्यांनी माझ्यासमोर धान्याचा डबा पाठीवर घेऊन दोन पायऱ्या उतरून दाखवल्या. हे सगळं मी आईच्या कानावर घातलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली की तिला कपाटासारखं उतरवायचं नाही.

मी कामाला लागले. गुणवैशिष्ट्य सिद्धांत सांगतो की नेत्याच्या अंगी काही गुण असतात : उंची, भारदस्त आवाज, आत्मविश्वास, निर्णयक्षमता. मी आरशासमोर हिशोब घेतला. उंची पाच फूट, आवाज तिसऱ्या बाकापर्यंत. मी घाईने पुढच्या सिद्धांताकडे वळले.

वर्तनवादी म्हणतात, नेता कसा आहे ते सोडा, तो काय करतो ते बघा. त्यांनी तीन शैली सांगितल्या आहेत. पहिली हुकूमशाही. मी फलकावर सूचना लावली : सर्व सभासदांनी रविवारपर्यंत ठरावावर सही करावी. दोन तासांनी 'करावी'च्या खाली कुणीतरी पेन्सिलने लिहिलं, 'का?' संध्याकाळपर्यंत त्याखाली आणखी एकाने लिहिलं, 'ज्यांनी का विचारलं त्यांनी आधी सायकल जिन्यातून काढावी.' दुसऱ्या दिवशी फलकावर सायकलीबद्दल सात मजकूर होते आणि माझी सूचना कुणीतरी जागा करण्यासाठी काढून ठेवली होती.

दुसरी शैली लोकशाही. मी सभा बोलावली, तळमजल्याच्या मोकळ्या जागेत, खुर्च्या मांडून. झाडून सगळे आले. मला गहिवरून आलं. ठराव वाचायला मी उभी राहिले आणि पहिल्या वाक्याआधीच जिम मास्तरांनी विचारलं की लिफ्टमध्ये आरसा कोणी मागितला होता. त्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आरसा राहू दे, पण 'दार बंद होत आहे' असं बोलणारा तो आवाज बंद करा. पेशंटचा जबडा उघडून ठेवलेला असताना बाहेरून कोणी दार बंद होत आहे म्हणालं की पेशंट तोंड मिटतो. यावर तळमजल्याचे शिंपीकाका, कुणाकडेही न बघता, म्हणाले की काही लोकांना आवाजाचा त्रास होतो आणि काही लोकांना वरून पडणाऱ्या पाण्याचा. डॉक्टरीणबाईंच्या कुंडीचं पाणी नऊ वर्षांपूर्वी शिंपीकाकांच्या इस्त्री केलेल्या कोटावर पडलं होतं. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. त्या संध्याकाळी नऊ वर्षांचं राहिलेलं सगळं बोलून झालं. सभा संपली तेव्हा ठरावावर एकच सही होती, माझ्या हातून चुकून शीर्षकावर झालेली.

तिसरी शैली मोकळीक देण्याची. नेत्याने बाजूला व्हावं, लोक आपली जबाबदारी ओळखतात. मी ठरावाची वही लिफ्टशेजारी टेबलावर ठेवली आणि पेन दोऱ्याने बांधलं. तीन दिवसांनी पाहिलं तर दोरा होता. वहीत कुणीतरी एका चांगल्या प्लंबरचा नंबर लिहून ठेवला होता.

परिवर्तनवादी नेतृत्वाबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते थोडक्यातच आटोपलं. हा नेता लोकांसमोर भविष्याचं चित्र उभं करतो आणि त्या चित्राने लोक स्वतःहून बदलतात. मी दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात पाच-सहा जणांना गाठून दहा वर्षांनंतरची आपली इमारत कशी असेल ते सांगितलं. माझ्या मते बरं बोलले. शेवटी एका आजोबांनी घाबरून विचारलं, म्हणजे लिफ्ट सुरू व्हायला दहा वर्षं लागणार का. ही बातमी माझ्याआधी तळमजल्यावर पोचली.

अठरा तारीख तीन दिवसांवर आली. आई रोज सकाळी विचारायची, आणि मी रोज सकाळी कार्यालयावर ढकलायचे. कारकून बिचारे. मला चौकोनातली ती एक खूण डोळ्यांपुढे दिसायला लागली होती. केली असती तर आई केव्हाच खाली गेली असती. शनिवारी मी ठरवलं की सोमवारी जाऊन खूण करायची. ठरवलं आणि शेवटचा उपाय म्हणून बाबांचं सभावृत्ताचं रजिस्टर काढलं. हा माणूस बावीस वर्षं चौदाच्या चौदा सह्या कुठून आणत होता, ते तरी कळावं.

रजिस्टर देखणं होतं. बाबांचं अक्षर, प्रत्येक सभेला तारीख, आणि प्रत्येक वृत्ताची सुरुवात 'सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली'. तळमजल्याने सूचना मांडली. तिसऱ्या मजल्याने त्या सूचनेचं स्वागत करून एक दुरुस्ती सुचवली. तळमजल्याने दुरुस्ती आनंदाने स्वीकारली. मी तारीख पाहिली. कोटावर पाणी पडून तेव्हा चार वर्षं झाली होती.

मी वही घेऊन वकीलसाहेबांकडे उतरले आणि विचारलं की या सभा कुठे भरायच्या. त्यांनी जरा वेळ आठवून पाहिलं. मग म्हणाले, सभा अशी कधी भरल्याचं त्यांना काही आठवत नाही.

वर येताना मी तिसऱ्या मजल्यावर थांबले. राजीनाम्याच्या एका चौकोनासाठी मी अकरा दिवसांतले आठ घालवले होते, आणि हातात बावीस वर्षांच्या न झालेल्या सभा होत्या. ज्या माणसाच्या प्रामाणिकपणाच्या जिवावर मी कॉलेजात मान वर करून चालते, त्याच्याबद्दल मला पहिल्यांदाच शंका आली. हे मी लिहिते आहे, पण मला ते लिहायला आवडत नाही.

आई खिडकीपाशी बसली होती. मी वही तिच्या मांडीवर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं : चौकोन, चौतिसावा नियम, सायकल, प्लंबर, सभा. तिने वहीवरून हात फिरवला.

सभा व्हायच्या की, ती म्हणाली. जिन्यात व्हायच्या. तुझे बाबा संध्याकाळी वरून खाली जायचे, प्रत्येक दारात थांबून विचारायचे. मग खालून वर यायचे, प्रत्येक दारात थांबून सांगायचे. एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगताना त्यातला काटा काढून सांगायचे. तिसऱ्या फेरीपर्यंत सगळ्यांचं एकच म्हणणं झालेलं असायचं. मग सह्या. "या लोकांना एकत्र बसवू नये," ती म्हणाली. "एकेकटे फार शहाणे आहेत."

म्हणून लिफ्ट असूनही बाबा कधी लिफ्टने गेले नाहीत. आम्ही त्याला व्यायाम समजत होतो.

प्रसंगानुरूप नेतृत्वाचा सिद्धांत मी सतरा वर्षं शिकवते : सर्वांसाठी एकच शैली नसते, समोरच्याची तयारी पाहून नेत्याने स्वतःला बदलावं. त्याची आकृती मी डोळे मिटून फळ्यावर काढू शकते. तो रोज संध्याकाळी सहा वाजता माझ्याच घरातून चपला घालून बाहेर पडत होता, हे मला माहीत नव्हतं.

"राजीनाम्यावर खूण केली नाहीस ना?" आईने विचारलं.

"नाही."

"मग चल. चपला दे माझ्या."

मी म्हणाले, आई, तुला उतरता येणार नाही. ती म्हणाली, एका दमात येणार नाही.

रविवारी दुपारी आईने ठरावात नव्या सचिवाच्या जागी वकीलसाहेबांऐवजी माझं नाव लिहायला लावलं आणि चारला आम्ही निघालो. आईचा एक हात कठड्यावर, दुसरा माझ्या खांद्यावर, ठरावाची वही माझ्या काखेत. दर आठ पायऱ्यांनी विश्रांती. चौथ्या मजल्यावरच्या दोन्ही दारांतून सह्या मिळाल्या त्या आश्चर्यानेच. मग खाली बातमी गेली, आणि आम्ही पोचण्याआधी प्रत्येक मजल्यावर खुर्ची बाहेर आलेली असायची. आई बसायची, पाणी प्यायची आणि लिफ्टचं नाव काढायची नाही. कुणाच्या सुनेचं, कुणाच्या बदलीचं, कुणाच्या कंबरेचं विचारायची. निघताना म्हणायची, हिच्या वहीत तेवढं बघा. सगळे बघायचे.

डॉक्टरीणबाईंनी आवाजाचा विषय काढलाच. आई म्हणाली, आवाज कमी करता येतो, मेकॅनिकला सांगते. सही करताना त्या पुटपुटल्या की खालच्यांना म्हणावं, कुंडी मी केव्हाच आत घेतलीय, आता तरी पुरे करा. जिम मास्तरांनी सही केली आणि पाठीची तयारी पुन्हा बोलून दाखवली. वकीलसाहेबांनी ठराव दोनदा वाचला, एक स्वल्पविराम घातला, सही केली आणि उरलेला जिना खुर्ची घेऊन आमच्यापुढे चालले.

पावणेसहाला आम्ही तळमजल्यावर पोचलो. तेरा सह्या झाल्या होत्या. शिंपीकाका मशिनवर बसले होते आणि उठले नाहीत. त्यांनी लिफ्टमध्ये आयुष्यात पाऊल टाकलेलं नव्हतं, टाकायचं कारणही नव्हतं. मी काही बोलणार तेवढ्यात ते माझ्याकडे बघून म्हणाले की मी त्यांना सूचना दिली, सभा दिली, वही दिली, भाषणाचीही खबर पोचली. "पण पोरी, मला कुणी विचारलं नाही. तुझे वडील शेवटी यायचे माझ्याकडे, पण विचारल्याशिवाय परत फिरले नाहीत."

वर्गात हे मी प्रश्न म्हणून दहा गुणांना घालते.

आईने खुर्ची मशिनजवळ ओढायला लावली. म्हणाली, वरच्या डॉक्टरीणबाई तुमची आठवण काढत होत्या. कुंडी आत घेतलीय म्हणाल्या. "आणि मी विचारायला आलेय, भाऊजी. तुमचं काय म्हणणं आहे?"

शिंपीकाकांनी मशिन थांबवलं. आईच्या पायांकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं. मिनिटभर खरोखर विचार केला.

"काही नाही," ते म्हणाले, आणि सही केली.

मग वकीलसाहेबांच्या लक्षात आलं की आई आता खाली आहे आणि घर वर आहे. जिम मास्तर पुढे सरसावले. आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि ते मागे झाले. ती म्हणाली, लिफ्ट सुरू होईल तेव्हा जाईन. तोवर ती शिंपीकाकांच्या घरी राहिली, आणि त्यांच्या बायकोने मला नंतर सांगितलं की त्या तीन दिवसांत त्यांच्या कपाटांची जी व्यवस्था लागली ती अजून मोडलेली नाही.

सोमवारी कारकुनांनी चौदा सह्या बोट ठेवून मोजल्या. नमुना क्रमांक सात पुढे घेतला, पट्टी काढली आणि तिसऱ्या चौकोनाखाली चौथा आखला. त्यापुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि पेन माझ्या हाती दिलं. मी खूण केली. ते म्हणाले, नमुना पुन्हा छापायला जाईल तेव्हा हे वर कळवतो. कुणाला तरी लागेल.

अठराला आई शिंपीकाकांच्या दारातून टॅक्सीत बसून ऑपरेशनला गेली. बुधवारी डोळ्यावरची पट्टी निघाली आणि आम्ही परत आलो तेव्हा सुतळी-लाख गेली होती, दार उघडं होतं आणि आत आरशाशेजारी सर्टिफिकेट लावलेलं होतं. आम्ही दोघीच आत गेलो. दार बंद होत असल्याचं आवाजाने हळू सांगितलं.

चौथा मजला आला. दार उघडलं, पण आई उतरेना. तिने काळा चष्मा कपाळावर चढवला आणि सर्टिफिकेटसमोर उभी राहिली. वर्षभरात तिने पहिल्यांदा स्वतः काही वाचायला घेतलं होतं. तिने सगळं वाचलं, मोठ्याने, कार्यालयाच्या पत्त्यापासून. वजनमर्यादा वाचली, नियमांचे आकडे वाचले. काही गाळलं नाही. सचिव म्हणून माझं नाव वाचलं. त्याखाली, मावळते सचिव म्हणून, बाबांचं. पुढे कारण : पदावर असताना निधन.

तिने तेवढी ओळ पुन्हा वाचली. मग पुन्हा एकदा. दार मिटायला यायचं, मी हात आडवा धरायचे, ते परत उघडायचं.

खाली घंटी वाजू लागली. मग आणखी कुणीतरी वाजवली. वकीलसाहेबांचा आवाज जिन्यातून वर आला : लिफ्ट कोणी अडवून ठेवलीय?

मी जिन्याकडे तोंड करून, बहुधा पहिल्यांदाच तिसऱ्या बाकाच्या पलीकडे जाईल अशा आवाजात सांगितलं, "सेक्रेटरीने."